खसखशीएवढं सोनं

गेल्या पावसाळ्यात आमच्या माळ्यावरचा एक डोंगर दुपारच्या चहाच्या आत विरघळला. थर्माकोलवर स्प्रे पेंट मारायचा नसतो, हे मला ठाऊक होतं. पण बाहेर बेळगावी संततधार, पाण्यात कालवलेला रंग दोन दिवस झाले तरी ओलाच, आणि हाताशी मुलाच्या बाईकला मारून उरलेला तपकिरी स्प्रे. म्हटलं, लांबून हलका हात मारू. दहा मिनिटांत डोंगराच्या पोटात मूठ जाईल एवढी भोकं पडली, कडा खचला आणि वर लावलेली झाडं आत कोसळली. बायको कपडे वाळत घालायला माळ्यावर आली होती. तिने वाकून बघितलं आणि म्हणाली, "अहो, खाण लागली की तुमच्या डोंगराला!"

लागली खरी. त्यातलं सगळ्यात मोठं भोक मी बुजवलं नाही. आतून प्लॅस्टर फासलं, काड्यापेटीच्या काड्यांची चौकट बसवली. आज ते आमच्या गावातल्या सगळ्यात जुन्या खाणीचं तोंड आहे.

गाव म्हणजे छोट्या चालत्या रेल्वेसकट हाताने केलेलं नमुन्याचं गाव: सहा फूट बाय तीन फूट प्लायवूड, खाली जुन्या लोखंडी पलंगाचा सांगाडा. घर शहापुरात, म्हणजे बेळगावच्या शहापुरात, जे एकेकाळी सांगली संस्थानात होतं आणि हातमागासाठी नि सोनारकामासाठी ओळखलं जायचं. नोकरी उद्यमबागेत, एका वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्शनला. दिवसभर मायक्रोमीटर लावून दुसऱ्यांनी केलेले जॉब पास-नापास करायचे. संध्याकाळी माळ्यावर स्वतःचे जॉब स्वतःच नापास करायचे. तीन वर्षं हे चाललंय.

मोजमापाचं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं सगळं गाव सत्त्याऐंशी पटीने लहान आहे. या प्रमाणात ब्रॉडगेजचे रूळ एकोणीस मिलिमीटरच्या थोडे वर पडतात, आणि तेवढ्या रुंदीचे तयार रूळ मिळत नाहीत. मीटरगेज साडेअकरा मिलिमीटर. ते रूळ मिळतात, पण किंमत ऐकून बायकोला सांगायचं धाडस झालं नाही. अडीच फुटी छोट्या लाईनचे मात्र पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि नऊ मिलिमीटरचे रूळ कुठेही मिळतात. म्हणून गावाला छोटी लाईन. कारण एवढंच होतं, पण ती लाईन मला अगदीच परकी नव्हती. लहानपणी आजीबरोबर पंढरपूरला जायचो तेव्हा मिरजेला उतरून बार्शी लाईटमध्ये बसायचो. मिरज स्टेशनात तेव्हा मोठी, मधली, छोटी अशा तिन्ही रुंदीचे रूळ होते. बेळगावहून आलेली आमची मीटरगेज गाडी मला फार मोठी वाटायची. मिरजेत ब्रॉडगेजचा डबा बघितला की तिची मान खाली गेल्यासारखी वाटायची, आणि बार्शी लाईट समोर आली की पुन्हा वर.

सोन्याचंच गाव का, हे सगळे विचारतात. आपल्याकडे करायचं तर उसाचं करावं, साखर कारखाना आणि मळीच्या टाक्या. किंवा दूधसागरचा घाट, सदतिसात एक चढ, पुढे एक इंजिन, मागे एक. घाट मी आधी करून बघितला. माझं इंजिन चार डब्यांना घेऊन चढाच्या मध्यावर जागच्या जागी चाकं फिरवत उभं राहायचं. दुसरं इंजिन घ्यायला पैसे नव्हते. सोन्याच्या गावाला फार चढ लागत नाही, गाडीही लहान चालते. आणि दुसरं कारण खाली पलंगावर बसलं होतं, त्याच्याकडे येतो.

बेळगाव शहराच्या पोटात सोनं निघणार नाही. इथे वर तांबडा जांभा आणि खाली काळा कातळ, तोच पार नाशिकपर्यंत गेलेला. पण खानापूर ओलांडून लोंढ्याच्या बाजूला उतरलं की खडक बदलतो. भूगर्भवाले ज्याला धारवाड खडक म्हणतात तो सुरू होतो, आणि कोलार, हट्टी, गदगचा कप्पतगुड्ड, कर्नाटकातलं जेवढं म्हणून सोनं आहे ते याच जातीच्या खडकात सापडलेलं आहे. म्हणून माझं गाव मी खानापूरच्या दक्षिणेला रानात ठेवलं. खानापूरला मीटरगेजची मोठी गाडी येते (ती माझ्या बोर्डावर नाही, भिंतीच्या पलीकडे आहे असं समजायचं), तिथे माल उतरवून छोट्या गाडीत भरायचा आणि रानातून बावीस किलोमीटर आत. साल १९३८. तेव्हा मोठ्या लाईनवर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे होती, आणि जिल्हा मुंबई इलाख्यात. हे साल मी इंजिनाच्या सोयीने निवडलं असं लोकांना सांगतो.

गावाचं नाव होनहळ्ळ. होन्नु म्हणजे कानडीत सोनं, हळ्ळ म्हणजे ओढा. आणि आपल्या जीभेला एवढे ळ झेपत नाहीत म्हणून मराठी माणसं त्याला होनाळ म्हणतात. आपला होनसुद्धा, म्हणजे शिवाजी महाराजांनी पाडलेलं सोन्याचं नाणं, त्याच कानडी होन्नुतून आलेला. एका कल्पित गावाला दोन नावं द्यायची काहीच गरज नव्हती. पण आमच्या भागात ज्या गावाला एकच नाव आहे ते मला खोटं वाटतं.

गाव उभं करताना खरा घाम कुठे आला सांगतो. घरं, झाडं, पत्र्याची छपरं हे सगळं सोपं. चहाचा चोथा वाळवून पसरला की रानातली माती तयार. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून टाकून दिलेली जळकी वाळू आणली, ती खाणीबाहेरचा काळपट दगडाचा ढीग म्हणून अशी शोभली की मीच बघत बसलो. अवघड होतं ते गाडीत काय भरायचं, हे. रेल्वे हौसेखातर टाकत नाहीत. काहीतरी आत जातं, काहीतरी बाहेर येतं, आणि त्यावर लाईनचं पोट चालतं. साखर कारखान्याचं सरळ आहे, ऊस आत, साखर बाहेर. मी वही घेऊन बसलो. आत काय येणार? बॉयलरला कोळसा. खाणीच्या पोटात लावायचे लाकडी टेकू, मोठमोठे सोट. मुसळांच्या गिरणीचे लोखंडी सुटे भाग. तिथे दगड उखळात घालून वाफेवर उचलल्या जाणाऱ्या शेकडो किलोच्या लोखंडी मुसळांनी कुटतात, रात्रंदिवस, त्यामुळे ती सतत झिजतात. तेल, दोर, डायनामाइट. तांदूळ, जोंधळे, मीठ, रॉकेल. शनिवारी बेळगावचा बाजार, तर रविवारी बाजाराची गाडी परत. पारा आणि सायनाइडचे डबे. माणसं, माणसं, माणसं. वहीची दोन पानं भरली.

बाहेर काय जाणार? मी आकडे मांडले. समजा खाण चांगली आहे, दिवसाला पन्नास टन दगड कुटते, टनामागे दहा ग्रॅम सोनं देते. आठवड्याचे सहा दिवस धरले तर तीनशे टन दगड आणि तीन किलो सोनं. तीन किलो सोनं म्हणजे आकाराने दीड साबणाची वडी. त्याची एक पेटी, गार्डच्या डब्यात, दोन शिपायांच्या मध्ये. बाकीच्या सगळ्या वाघिणी, म्हणजे मालडबे, परतीला रिकाम्या. आता हे दीड वडीचं सोनं माझ्या प्रमाणात आणायचं तर लांबी, रुंदी, उंची तिन्ही सत्त्याऐंशीने भागायचं. भागलं. खसखशीचा एक दाणा, तोही बारका.

तीन वर्षं ज्या सोन्याच्या गावावर मी डोळे फोडतोय, त्या गावात दिसण्यासारखं सोनं कुठेच नाही. उरलेले दोनशे नव्व्याण्णव टन नि नऊशे सत्त्याण्णव किलो, म्हणजे दगडाचं पीठ, ते मात्र गावातच राहणार, कारण ते कोण नेणार? त्याचा डोंगर होणार. मग मी डोंगराचा आकार दुप्पट केला, आणि त्यासाठी सहा घरं पाडावी लागली. स्टेशनमास्तरचा बंगला त्यातच गेला.

तो डोंगर खराखुरा बघायचा म्हणून एकदा कोलारला जाऊन आलो. रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेस, सकाळी बेंगळुरू, तिथून बंगारपेट. बंगारपेटचं जुनं नाव बाउरिंगपेट, म्हैसूरच्या एका इंग्रज कमिशनरवरून पडलेलं. बंगार म्हणजे सोनं, त्यामुळे नाव बदलताना कुणी फार डोकं चालवलेलं नाही, आणि नवं नाव जुन्यापेक्षा खरं झालं. तिथून सोळा किलोमीटरची फाट्याची लाईन. कोरोमंडल, ऊरगाम, चॅम्पियन, मरिकुप्पम अशी स्टेशनं. ही नावं वाचताना वाटतं आपण कुठल्यातरी जुन्या कंपनीच्या हिशेबाच्या वहीतून चाललोय. जॉन टेलर अँड सन्स या इंग्रजी कंपनीने १८८० पासून इथे पाय रोवले. कॉर्नवॉलचे खाणकामगार आणले, आणि कष्टाला तमिळ मुलखातले मजूर. १९०२ मध्ये शिवनसमुद्रच्या धबधब्यावरून सुमारे दीडशे किलोमीटर तारा ओढून इथे वीज आणली. चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरच्या खाली गेली. तळाच्या खडकाला हात लावला तर चटका बसावा, साठ अंशांच्या वर. २८ फेब्रुवारी २००१ ला ती बंद पडली. शेवटच्या वर्षांत टनाला तीन-चार ग्रॅमच निघत होतं. जुन्या तोळ्याच्या हिशेबाने माझ्या आईच्या पाच तोळ्यांच्या पाटल्यांमागे सुमारे पंधरा ते वीस टन दगड.

डोंगर बघितले. राखाडी, वरून सपाट, पावसाने कडेला खोल खोल चिरा पडलेल्या, त्यावर जेमतेम गवत. त्यांना तिथे सायनाइडचेच डोंगर म्हणतात. दगडाचं पीठ सायनाइडच्या पाण्यात मुरवायचं, सोनं त्या पाण्यात उतरतं, मग जस्ताची पूड टाकून ते पाण्यातून परत काढायचं. उरलेला राडा इथे. नमुन्याला चिमूटभर घ्यावासा वाटला. घेतला नाही, फोटो काढले. घरी येऊन सिमेंटमध्ये चाळलेली राख मिसळून तो रंग साधला. सहावा प्रयत्न.

मरिकुप्पमच्या बाकावर एक म्हातारा शेजारी बसला होता. "याव ऊरु?" त्याने विचारलं. मी सांगितलं, बेळगावी. "कन्नडिगरा?" नाही म्हटलं, मराठी. तो हसला. त्याचे आजोबा उत्तर अर्काटहून आलेले. घरात तमिळ, खाणीत तमिळ, हापिसात आधी इंग्रजी आणि मग कन्नड. तो कन्नड बोलत होता तमिळच्या हेलात, मी बोलत होतो मराठीच्या, आणि दोघांनाही एकमेकांचं चांगलं कळत होतं. बंद मनोऱ्याच्या चाकाकडे हात करून तो सांगायला लागला की पिंजरा खाली निघाला की आधी पोट वर राहतं आणि माणूस पुढे जातो. मग गाडी आली. नाव विचारायचं राहिलं.

आता खाली पलंगावर बसलेलं कारण. आमचे आप्पा, वय एक्क्याऐंशी. बेचाळीस वर्षं शहापुरात दुसऱ्याच्या दुकानात सोनारकाम केलं. सोनं मालकाचं, हात आपले, मजुरी ठरलेली, आणि घट ठरलेली. घट म्हणजे घडवताना घासून, उडून, वितळताना जाणारं सोनं. त्यावर जास्त गेलं की कारागिराच्या मजुरीतून. म्हणून त्यांच्या बैठकीतून काहीही बाहेर जात नसे. संध्याकाळी उठताना धोतर झटकायचं ते बैठकीवरच. हात धुवायचे ते घंगाळात, ते पाणी साठवायचं. शेगडीतली राख, फुटकी मूस, बसायचं जुनं पोतं, सगळं डब्यात. सहा महिन्यांनी झारेकरी यायचा, केराचा सौदा करायचा, आणि घरी नेऊन तो केर पाण्यात धुऊन, पाऱ्यात घोळून, तापवून त्यातून सोनं काढायचा. मी लहानपणी त्याला भिकारी समजायचो. कोलारच्या कारखान्याचं वर्णन वाचताना मुसळांच्या गिरणीपुढे पारा लावलेले तांब्याचे पत्रे असतात, त्यावरून दगडाचा चिखल वाहतो आणि सोनं पाऱ्याला धरतं, असं वाचलं. तेव्हा हातातलं पुस्तक ठेवून खाली गेलो आणि आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "मग दुसरं कसं काढायचं असतंय?"

आप्पा पहिली दोन वर्षं माळ्यावर चढलेच नाहीत. गुडघे. पण येता-जाता विचारायचे, "काय करूलालास रे वर?" मी गाव म्हणालो. सोन्याचं म्हणालो. ते म्हणाले, "पैसे घातलास म्हण की."

त्यांना वर आणायला मला निमित्त लागलं ते दोराचं. खाणीच्या तोंडावर मनोरा, त्याच्या माथ्यावर चाक, चाकावरून दोर, दोराला पिंजरा. दोर खरा सव्वा इंच जाडीचा धरला तर माझ्या प्रमाणात ०.३६ मिलिमीटर. शिवणाचा दोरा केसाळ दिसतो, मासे धरायची तंगूस चकाकते. पंख्याच्या मोटरमधली तांब्याची तार जाड निघाली. आप्पांचं जंतर ट्रंकेत होतं. जंतर म्हणजे पोलादाची पट्टी, तिला उतरत्या मापाची भोकं, एकेका भोकातून तार ओढत बारीक करत जायची. ट्रंक उघडली तर ऐरणही वर आली, फुंकणीही. त्यांनी जंतराच्या भोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "वर घेऊन चल."

मुलाने आणि मी धरून चढवलं. त्यांनी आधी सगळं गाव बघितलं, तोंडातून एक शब्द नाही. मग तार मागितली, शेगडीवर लाल करून पाण्यात टाकली, टोक घासून निमुळतं केलं, मेण लावलं, भोकात घातलं, चिमट्याने धरलं आणि ओढली. हात थरथरतात त्यांचे, चहाची बशी सांडते. पण ओढताना थरथर नव्हती. जोर सगळा खांद्यातून. तीन भोकं झाल्यावर पुन्हा लाल. पुन्हा तीन. मध्ये थांबून तार बोटांमध्ये फिरवून बघायचे. "झाली," म्हणाले. मी सवयीने मायक्रोमीटर लावला. ०.३६. मी त्यांना आकडा सांगितला नव्हता, मनोऱ्याचं चाक तेवढं दाखवलं होतं. उद्यमबागेतल्या एका मित्राने ते लेथवर पितळेचं काढून दिलेलं. त्या चाकाच्या खाचेकडे बघून त्यांनी तारेचं माप ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात चाकाच्या आऱ्यांचे सांधेही त्यांनीच भरले, टाकणखार लावून, फुंकणीने. माझी सोल्डरिंग आयर्न बघून म्हणाले, हे काय इस्त्रीगत.

मग स्टेशनच्या बोर्डाचा विषय निघाला, तो निघणारच होता. बोर्डाच्या जागी मी वर्षभर कोरी पाटी लावून ठेवली होती. कामावरचा बैलहोंगलचा मित्र येऊन गेला, त्याने होनहळ्ळ लिही म्हटलं, कन्नडात. गल्लीतला एक जण येऊन गेला, तो म्हणाला होनाळ, देवनागरीत, आणि कन्नड खाली, बारीक. दोघंही चेष्टेत बोलत होते आणि दोघंही चेष्टेत बोलत नव्हते. बेळगावचं सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं. तेव्हापासून मी स्वतः पत्ता लिहिताना पेन उचलतो, थांबतो, मग लिहितो. १९३८ साल निवडण्याचं खरं कारण हेच होतं. मला वाटलं तेव्हाच्या गावात हे टळेल. दुसरी पळवाट मी मापात शोधली. म्हटलं, इतकं लहान केल्यावर अक्षरं वाचताच येणार नाहीत. पण तीन मीटरचा बोर्ड साडेतीन सेंटिमीटरचा येतो, अक्षरं दोन मिलिमीटरच्या वर. तीन केसांच्या ब्रशने लख्ख लिहिता येतात. माझ्या डोळ्यांना नीट वाचताही येतात.

मस्कीची गोष्ट मला या बोर्डावरून आठवते. हट्टीच्या जवळ मस्की, रायचूर जिल्ह्यात. तिथे १९१५ साली बीडन नावाच्या एका सोन्याच्या खाणीच्या इंजिनिअरला दगडावर कोरलेली अक्षरं दिसली. तोवर सापडलेल्या लेखांत राजा स्वतःला 'देवांचा प्रिय' म्हणवून घ्यायचा. हा राजा म्हणजे अशोकच हे त्या दगडाने पक्कं केलं, कारण त्यात नाव होतं. माणूस सोनं शोधायला गेला आणि त्याला नाव सापडलं. माझ्याकडे नावं दोन आहेत. बोर्ड अजून कोरा आहे.

त्या संध्याकाळी दोर चाकावर चढवला. मी मनोऱ्यामागची कळ फिरवली, पिंजरा हलला, टेकूंच्या चौकटीतून खाली गेला, दिसेनासा झाला. आप्पांनी विचारलं, "खाली काय हाय?" काही नाही म्हटलं, प्लायला भोक पाडलंय, खाली बादली ठेवलीय, तार तुटली तर पिंजरा त्यात पडावा म्हणून. त्यांनी कळ माझ्याकडून घेतली. पिंजरा वर आणला, खाली सोडला, पुन्हा वर आणला.

खाली उतरायची वेळ झाली तशी मी त्यांचा हात धरायला गेलो, तर ते उठेनात. त्यांनी माझा रंगाचा चपटा कुंचला घेतला आणि प्लायच्या कडेने झाडायला सुरुवात केली. पितळेचा कीस, तांब्याच्या तारेचे तुकडे, प्लॅस्टरचे पापुद्रे, चहाचा चोथा. सगळं एका कागदावर ओढलं. चाक जिथे कानशीने घासलं होतं तिथे दोनदा कुंचला फिरवला. मग इकडेतिकडे बघितलं, मी रुळाचे खिळे ठेवतो तो कुंद्याचा रिकामा डबा दिसला, खिळे काढून बाजूला ठेवले, आणि कागद चोचीसारखा दुमडून केर डब्यात ओतला.

"आप्पा, पितळ आहे ते."

"ठाऊक आहे की," ते म्हणाले आणि मांडीवरचं धोतर कागदावर झटकलं.